पळस्पे फाट्यावरून निघण्याआधी: क्रूझर मोटारसायकलची निगा

पळस्पे फाट्यावर रस्ते फुटतात. एक जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने शेडुंग, चौक, खोपोली करत बोरघाट चढतो, दुसरा शिरढोण, कर्नाळा, पेण असा कोकणात उतरतो, आणि न्हावा शेवा बंदराकडचा कंटेनरांचा रस्ताही इथेच येऊन मिळतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे मुंबई आणि नवी मुंबईतून लोणावळ्याला किंवा गोव्याला निघालेल्या बहुतेक मोटारसायकली या फाट्यावरून जातात. रविवारी पहाटे इथे उभं राहिलं तर क्रूझर गाड्यांची रांगच दिसते. पुण्याच्या बजाजने 2005 साली आणलेली अॅव्हेंजर, रॉयल एनफिल्डची जुनी थंडरबर्ड, 2020 च्या अखेरीस आलेली मीटिअर 350, एखादी सुपर मीटिअर 650. लांब, बुटक्या, वजनाला भारी आणि तासन्‌तास एका लयीत चालण्यासाठी बनवलेल्या या गाड्या.

या गाड्यांबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत देखभालीचा तक्ता किलोमीटरमध्ये दिलेला असतो. बहुतेक मालक तेवढाच पाहतात. त्याच तक्त्यात महिनेही दिलेले असतात, आणि धूळ किंवा पाणी जास्त असेल तर अंतर कमी करा, अशी सूचनाही बारीक अक्षरात असते. आपल्या भागात खरं महत्त्व या दोन गोष्टींना आहे. रायगड जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पनवेलच्या खाडीकडून खारी हवा येते. कंटेनर आणि डंपर धूळ उडवत असतात. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्या काळात इथल्या गाड्यांनी किती चिखल खाल्ला ते इथल्या मेकॅनिकांनाच विचारा. त्यात क्रूझर बहुधा सुटीच्या दिवशीच बाहेर पडते. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरही होत नाहीत आणि मालक समजतो, गाडी अजून नवी आहे. अशा गाडीचं वय किलोमीटरमध्ये मोजू नका. तिने किती पावसाळे काढले आणि ती किती दिवस नुसती उभी होती, यावर तिची निगा ठरवा.

चेनपासून सुरुवात करू, कारण पावसाळ्यात सगळ्यात जास्त हाल तिचेच होतात. कोरड्या दिवसांत दर पाचशे किलोमीटरला चेनला लुब्रिकंट द्यावं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पावसात मात्र एका दिवसाच्या प्रवासातच ते धुऊन जातं. कर्नाळ्याहून भिजून आलात तर त्याच संध्याकाळी चेन पुसा आणि गाडी गरम असतानाच लुब्रिकंट मारा. चेन गरम असली की ते कड्यांच्या आत शिरतं. सकाळी निघता निघता मारलेलं लुब्रिकंट बाहेरच राहतं आणि पहिल्या दोन किलोमीटरमध्ये उडून रिमवर आणि टायरवर बसतं. धुण्यासाठी चेन क्लीनर उत्तम, नसेल तर रॉकेल चालतं. पेट्रोल वापरू नका. चेनच्या कड्यांत रबराच्या बारीक रिंगा असतात, पेट्रोलने त्या खराब होतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. डब्ल्यूडी-40 सारखा स्प्रे पाणी घालवायला आणि गंज सैल करायला आहे, चेनला तेल देण्यासाठी नाही. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनवर कापड धरायची सवय काही जणांना असते. त्यात बोटं जातात. इंजिन बंद करा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या आणि चाक हाताने फिरवा. मधला स्टँड नसेल तर गाडी हातभर पुढे ढकलत चेनचा एकेक भाग पुसा. वेळ लागतो, पण दुसरा सुरक्षित मार्ग नाही.

चेन किती सैल हवी ते पुस्तिकेत दिलेलं असतं. बहुतेक गाड्यांत खालच्या बाजूला मधोमध दोन-तीन सेंटीमीटर वरखाली होणं योग्य धरतात. माप एकाच जागी घेऊ नका. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत तिची सगळ्यात ताणलेली जागा शोधा आणि तिथे मोजा. एका जागी ताणलेली आणि दुसऱ्या जागी लोंबणारी चेन कितीही ओढून घेतली तरी सुधारत नाही. तिचं आयुष्य संपलेलं असतं. मागच्या स्प्रॉकेटचे दात वाघनखांसारखे एका बाजूला वाकलेले दिसले तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. जुन्या दातांवर नवी चेन घातली तर ती लवकर खराब होते. आणि चेन ताणल्यावर स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आकड्यावर आहेत ना, ते स्वतः वाकून पाहा. खुणा पुढेमागे राहिल्या तर मागचं चाक तिरकं बसतं, गाडी एका बाजूला ओढते आणि टायरही एकाच बाजूने झिजतो.

इंजिन ऑईलबद्दल वाद फार होतात, पण प्रश्न साधा आहे. नव्या 350 सीसी गाड्यांच्या पुस्तिकेत ऑईल बदलण्याचं अंतर 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यापैकी जे आधी येईल ते, असं दिलेलं दिसतं. रविवारच्या गाडीला हे ‘एक वर्ष’च लागू होतं. छोट्या-छोट्या फेऱ्या मारणारं इंजिन पुरेसं तापत नाही, आत ओल धरते आणि ऑईल न चालताही खराब होतं. माझं मत असं, की इथल्या गाडीचं ऑईल पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आसपास, दर वर्षी बदलावं, आणि फिल्टर त्याच वेळी. ऑईलचा दर्जा आणि घट्टपणा पुस्तिकेप्रमाणेच घ्या. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ लिहिलेलं पाहिजे. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. चारचाकीच्या काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरू लागतो. पातळी पाहताना गाडी सपाट जागी, सरळ उभी धरा, इंजिन थोडं चालवून बंद करा आणि काही मिनिटं थांबा. साइड स्टँडवर पाहिलेली पातळी खोटी असते. खालचा ड्रेन बोल्ट अॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये बसतो. जोर लावून आवळला तर आतले आटे जातात. वॉशर नवा घाला आणि ज्या गॅरेजमध्ये टॉर्क पाना आहे तिथेच हे काम करून घ्या.

आता पाणी आणि पेट्रोल. पावसाळ्यात गाडी अचानक झटके देऊ लागली, मिसिंग करू लागली, की लोक इंजेक्टरला दोष देतात. त्याआधी टाकीचं झाकण उघडा. झाकणाभोवतीच्या खाचेत पडलेलं पावसाचं पाणी खाली सोडण्यासाठी एक बारीक भोक आणि नळी असते. तिच्यात धुळीचा चिखल बसला की पाणी खाचेतच साचतं आणि झाकण उघडताच टाकीत उतरतं. मेमध्येच या भोकात हवा मारून घ्या आणि थोडं पाणी सोडून ते गाडीखाली ठिबकतंय का ते पाहा. हे करताना टाकीच्या तोंडावर कापडाचा बोळा घट्ट बसवा. काम पाच मिनिटांचं आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं, आणि गाडी पेट्रोल तळातूनच ओढते. म्हणून दोन-दोन महिने न हलणाऱ्या गाडीत तेच पेट्रोल ठेवू नका. पंधरवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर चालवा. उभ्या जागी दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवण्याचा उपयोग नाही; त्यात बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी मात्र जमतं. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस 6 गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. जुनी कार्बोरेटरची अॅव्हेंजर किंवा थंडरबर्ड असेल तर दीर्घ मुक्कामाआधी पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करावा.

एअर फिल्टर कागदी असतो. कोरडी धूळ आतून बाहेर हलकी हवा मारून निघते, पण एकदा भिजलेला फिल्टर वाळवून परत बसवू नका, बदला. फाट्याजवळच्या धुळीत रोज ये-जा असेल तर पुस्तिकेतल्या अर्ध्या अंतरावरच तो उघडून पाहा.

गाडी धुताना प्रेशर वॉशचा झोत हँडलच्या कोनसेटवर, चाकाच्या बेअरिंगवर, चेनवर आणि स्विचवर मारू देऊ नका. ग्रीस निघून तिथे पाणी शिरतं आणि काही महिन्यांनी हँडल मधोमध अडकल्यासारखं लागतं. हा कोनसेट गेल्याचा पुरावा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणं तर टाळाच.

टायरच्या बाबतीत क्रूझरवाल्यांची फसगत होते, कारण गाडी कमी चालल्यामुळे नक्षी भरपूर शिल्लक दिसते. टायरच्या बाजूवर एका चौकटीत चार आकडे असतात. 2319 असं असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. पाच-सहा वर्षं उन्हात उभ्या गाडीचं रबर कडक होतं आणि ओल्या काँक्रीटवर पकड सोडतं. अशा टायरवर पावसात लांबचा प्रवास करू नका, नक्षी कितीही खोल असो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. चालून आल्यावर आकडा दोन-चार पीएसआयने जास्तच दिसतो. एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी मागच्या चाकाची हवा वेगळी असते. सामान लादून, बायको-मुलांना घेऊन निघणाऱ्याने ती वाढवावी, शिवाय मागच्या शॉकअपचा प्रीलोड एक-दोन घर कडक करावा. मागे वजन आणि पुढे हलकं, अशी क्रूझर वेगात हँडल हलवू लागते. आणि तुमच्या गाडीला आऱ्यांची चाकं असतील, जशी अॅव्हेंजर क्रूझला आहेत, तर ती ट्यूबची आहेत हे लक्षात ठेवा: ट्यूबलेसची काडी-किट तिथे चालणार नाही, सुटी ट्यूब बरोबर लागेल.

ब्रेकमध्ये लोक पॅड पाहतात, ब्रेक ऑईल पाहत नाहीत. डॉट 4 ऑईल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावं, गाडी चालो न चालो. ओल धरलेलं ऑईल बोरघाटाच्या उतारावर ब्रेक तापले की उकळू लागतं आणि लिव्हर मऊ होऊन आत जातो. एवढी भारी गाडी माणसांसकट उतारावर असताना हे घडणं म्हणजे जिवाशी गाठ. उतरताना खालचा गिअर ठेवा, वेग इंजिनालाच धरू द्या. एबीएसचा दिवा गाडी चालू लागल्यावर विझायला हवा; तो पेटलेला राहिला तर आधी चाकाजवळच्या सेन्सरवरचा चिखल पुसून पाहा.

एवढं करूनही गाडी कधीतरी अडेल. अडलेली गाडी घाबरून खोलत बसण्यापेक्षा ठरावीक क्रमाने पाहा. सेल्फ मारल्यावर काहीच झालं नाही तर पहिल्यांदा किल स्विच, मग साइड स्टँड, मग न्यूट्रलचा दिवा आणि क्लच दाबल्याची खात्री. हसण्यावारी नेऊ नका, अर्ध्या ‘बंद’ गाड्या इथेच चालू होतात. साइड स्टँडचा स्विच अगदी खाली असतो, चिखलाने तो भरतो आणि स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच आहे असं वाटतं. पाण्याने धुऊन स्टँड चार-पाच वेळा वरखाली करा. नुसता टिक-टिक आवाज येत असेल तर बॅटरी. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर ती खरवडून काढा, स्क्रू आवळा. घरी आल्यावर कोमट पाण्याने साफ करून वरून व्हॅसलिन लावा. साधा मल्टिमीटर घरात असू द्या. इंजिन बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. इंजिन चालू करून थोडा रेस दिल्यावर आकडा 14 च्या जवळ जायला हवा. तो 13 च्या वर जातच नसेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, दोष चार्जिंगमध्ये आहे: रेक्टिफायर किंवा कॉइल तपासून घ्या. इंजेक्शनच्या गाडीला धक्का मारून चालू करायचं तर बॅटरीत थोडा तरी जीव हवा. पेट्रोलचा पंप विजेवर चालतो.

वीज अचानक पूर्ण गेली तर फ्यूज पाहा. एकदा उडाला तर बदला, पुन्हा उडाला तर मात्र थांबा. जाड तार किंवा मोठा फ्यूज टाकून पुढे निघणं म्हणजे वायरिंग जाळणं. बाहेरून लावलेले फॉग लाइट, मोबाइल चार्जर, हॉर्न यांची जोडणी रिले आणि वेगळ्या फ्यूजशिवाय, मूळ वायर सोलून केलेली असेल तर दोष तिथे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कंपनीच्या वायरिंगला हात न लावता जोडणी करणाऱ्या माणसाकडेच हे काम द्या.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही? चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद घूं असा आवाज येतो का ऐका. येत नसेल तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले. येत असेल तर प्लग आणि प्लगची टोपी, विशेषतः पावसात. टोपी काढून आतून कोरडी पुसा. अॅव्हेंजर 220 ला दोन प्लग आहेत. एक बंद पडला तरी गाडी चालते, पण पिकअप जातो आणि ती पेट्रोल जास्त पिते, म्हणून दोन्ही तपासा. रेस वाढते पण गाडी पुढे ओढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय. लिव्हरला मोकळी ढील आहे का पाहा. वायर फार ताणलेली असेल तर तिथेच सैल करून प्रश्न सुटतो. पेण-वडखळ पट्ट्यातल्या कोंडीत हवेवर थंड होणारी इंजिनं तापतात, आवाज बदलतो, गिअर अडखळतात. सावलीत घ्या, बंद करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. गाडी बिघडलेली नाही, तिला वारा मिळत नव्हता. टक-टक असा वाढता आवाज मात्र थंड झाल्यावरही राहिला तर टॅपेट तपासावे लागतील. यूसीई इंजिनाच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये असलेल्या, थंडरबर्डमध्ये हायड्रॉलिक टॅपेट होते, ते सेट करावे लागत नसत. मीटिअरमध्ये मात्र ठरावीक अंतरावर ते मोजून सेट करावे लागतात.

एक प्रसंग वेगळा. 22 जुलै 2021 ला महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा असंख्य दुचाकी बुडाल्या. गाडी इंजिनाच्या वरपर्यंत पाण्यात गेली असेल तर पाणी ओसरल्यावर सेल्फ किंवा किक मारून पाहण्याचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर सोडा, प्लग काढा, ऑईल, फिल्टर आणि पेट्रोल रिकामं करा, आणि गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्या. ऑईल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय, मग एकदा बदलून भागणार नाही. नवं ऑईल घालून थोडं चालवून पुन्हा बदलावं लागतं.

बरोबर काय ठेवायचं? गाडीचे मूळ पाने, पक्कड, सुटे फ्यूज, एक प्लग, क्लचची जादा वायर, इन्सुलेशन टेप, केबल टाय, ट्यूबलेसचं किट आणि छोटा पंप, एक टॉर्च. साइड स्टँडखाली ठेवायला सपाट लाकडाचा तुकडाही घ्या. कोकणातल्या ओल्या लाल मातीत स्टँड रुततो आणि आडवी झालेली क्रूझर एकट्याने उचलणं सोपं नाही. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 हा क्रमांक आहे, तो फोनमध्ये आत्ताच साठवा. गाडी रस्त्यावर बंद पडली तर दुरुस्तीआधी ती कठड्याच्या पलीकडे किंवा पूर्ण साइडपट्टीवर घ्या. पळस्प्याजवळ कंटेनरचालकाला खाली बसलेला माणूस दिसत नाही.

गॅरेजमध्ये गेल्यावर निदान सांगू नका, लक्षण सांगा. ‘इंजेक्टर साफ करा’ म्हणालात तर इंजेक्टर साफ होईल. ‘तिसऱ्या गिअरवर, साठच्या वेगात, गाडी गरम झाल्यावर झटके देते’ म्हणालात तर चांगला मेकॅनिक खरं कारण शोधेल. बदललेले जुने भाग परत मागा आणि काय, कधी, किती किलोमीटरवर केलं ते तारखेसह वहीत लिहा.

आणि गणपतीला गाडीने गावी निघणार असाल तर सर्व्हिसिंग आदल्या संध्याकाळी करू नका. तेव्हा सगळ्याच गॅरेजमध्ये गर्दी असते आणि कामं घाईत उरकली जातात. निदान दहा दिवस आधी करून घ्या, मग पेणपर्यंत जाऊन या, आणि परतल्यावर गाडीखाली वाकून पाहा. काही सैल झालं असेल, गळत असेल किंवा घासत असेल तर ते घराजवळच कळेल आणि दुरुस्तीला हातात आठवडा राहील.